लिग्ट्स वापरून बघितलं: दाणेदार मालाच्या सिम्युलेशनसाठी फुकटातलं दणकट सॉफ्टवेअर

गेले काही महिने हॉपरमधून (खाली तोंड असलेल्या नरसाळ्यासारख्या टाकीतून) गोळ्या सोडायचं सिम्युलेशन करतोय आणि त्यासाठी लिग्ट्स वापरतोय. सॅंडिया लॅबच्या लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या (रेणूंच्या हालचालीच्या सिम्युलेशनच्या) कोडवर ते उभं आहे, लायसन्स जीपीएल, म्हणजे फुकट आणि सोर्स उघडून बघता येतो. आत पद्धत डिस्क्रीट एलिमेंटची, कंडॉल आणि स्ट्रॅक या संशोधकांची १९७९ची, प्रत्येक दाणा वेगळा धरायचा, दोन दाणे एकमेकांत किती घुसले त्यावरून बल काढायचं आणि न्यूटनच्या नियमाने पुढे सरकवायचं.

इन्स्टॉल करताना मात्र घाम निघतो. पब्लिक व्हर्जनवरचं काम बरंच थंडावलंय त्यामुळे नवीन कंपायलर आणि नवीन व्हीटीके (थ्रीडी चित्रांची लायब्ररी) असेल तर एरर येत राहतात, माझे दोन दिवस त्यातच गेले. खिडक्या-बटणं काही नाहीत, सगळं टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, भांड्याचा आकार एसटीएल (थ्रीडी आकाराच्या) फाइलमधून द्यायचा आणि निकाल पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचा.

खरी मेख टाइमस्टेपची, म्हणजे सिम्युलेशन एका वेळी किती वेळ पुढे सरकवायचं त्याची. ५ मिमी व्यासाच्या काचेच्या गोळ्यांना काचेचा खरा कडकपणा दिला तर रेले टाइमच्या (दाण्याच्या पृष्ठभागावरून लहर जायला लागणाऱ्या वेळेच्या) २० टक्के स्टेप धरून एका सेकंदाला जवळपास २० लाख स्टेप्स लागतात! म्हणून सगळे यंग्ज मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, कमी करतात, १०० पट कमी केला की स्टेप १० पट मोठी घेता येते, आणि हॉपरमधून माल वाहण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. (दाब देऊन माल घट्ट करायचा असेल तर ही सूट घेऊ नका.) मी घाईत स्टेप जास्तच वाढवली तर दाणे अक्षरशः फुटल्यासारखे उडाले आणि भिंतीतून आरपार गेले. टाइमस्टेप तपासणारा फिक्स (इनपुट फाइलमध्ये लिहायची कमांड) आहे त्यात, तो पहिल्या दिवसापासून लावाच.

दुसरं म्हणजे रोलिंग फ्रिक्शन, गोळी घरंगळताना होणारा विरोध. ते न लावता ढीग केला तर गोळ्या घरंगळत जाऊन ढीग पसरट झाला, ट्रेमध्ये खरा माल ओतून कोन मोजला होता त्याच्या जवळपासही नाही. रोलिंग मॉडेल चालू करून आकडा हळूहळू वाढवला तेव्हा उतार जुळला. या जुळवाजुळवीला वेळ ठेवाच, नाहीतर पॅराव्ह्यूमध्ये चित्र कितीही देखणं दिसलं तरी त्यावर हॉपरचं तोंड किती मोठं ठेवायचं हे ठरवता येणार नाही.

एमपीआयवर, म्हणजे काम अनेक कोअरमध्ये वाटून, छान पळतं, फक्त माल तळाशी गोळा झाला की वरच्या भागाचे कोअर रिकामे बसतात, म्हणून उभ्या दिशेने कमी तुकडे पाडा. बारीक पूड आणि मोठे खडे एकत्र असतील तर मात्र खूप रेंगाळतं, तिथे मर्क्युरीडीपीएम हे असंच दुसरं सॉफ्टवेअर बघा, त्याची शेजारचे दाणे शोधायची ग्रिड याच कामासाठी थरांची केलीय. पायथॉनमधून सगळं हाताळायचं असेल तर याडे हे तिसरं सॉफ्टवेअर. पण साध्या गोळ्या, एसटीएलची भिंत आणि लाखभर दाणे एवढंच काम असेल तर मी आजही लिग्ट्सच उघडतो. पाचपैकी चार, एक कापला तो इन्स्टॉलसाठी.