पुरात बुडालेली मोटारसायकल मला ६८,००० रुपयांना विकली गेली

भोसरीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासून घेणे हे माझे गेल्या २२ वर्षांचे काम आहे. गंजाचा एक ठिपका दिसला तरी बेअरिंगचा अख्खा खोका मी परत पाठवतो. तोच मी १५ फेब्रुवारी २०२५ रोजी, शनिवारी दुपारी, पुणे शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून नदीच्या पाण्यात बुडून निघालेली मोटारसायकल ६८,००० रुपये मोजून घरी घेऊन आलो. ही गोष्ट कारखान्यात अजून कोणालाही सांगितलेली नाही. इथे लिहितो आहे, कारण त्या दुकानासमोर आजही गाड्या ओळीने उभ्या असतात आणि शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते.

गाडी १५० सीसीची, फ्युएल इंजेक्शनची, नोव्हेंबर २०२१ मध्ये नोंदणी झालेली होती. मीटरवर १९,४०० किलोमीटर दिसत होते आणि तो आकडा खोटा नव्हता, हे मला नंतर समजले. धायरी ते भोसरी हा माझा रोजचा प्रवास. जुनी स्कूटर थकली होती आणि नव्या गाडीची ऑन-रोड किंमत १,४२,००० रुपये सांगितली गेली होती. मुलाच्या अभियांत्रिकीच्या शुल्काचा हप्ता डोक्यावर असताना तेवढी रक्कम काढणे मला शक्य नव्हते. मी मोहाने गेलो असे कोणी म्हणू नये. ६८,००० हा त्या वर्षाच्या गाडीचा बाजारभाव होता. पडेल किमतीत मिळाली असती तर मला संशय तरी आला असता.

दलाल गोड बोलणारा होता. “साहेब, सिंगल हँड गाडी आहे, कागद एकदम क्लिअर. मी तुमच्याशी खोटं बोलून कुठं जाणार, दुकान इथंच आहे माझं,” असे तो म्हणाला. गाडी झळझळीत पॉलिश केलेली होती, सीट कव्हर नवे होते, टायर काळे कुळकुळीत दिसत होते. मी चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहिले, एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा नसल्याची खात्री केली, ई-चलन थकलेले नाही हेही पाहिले. कागदांच्या बाबतीत मी कुठेही कमी पडलो नाही, एवढे मला ठामपणे सांगायचे आहे.

मी कमी पडलो ते गाडी पाहताना, आणि ती पाच मिनिटे मला अजून झोपू देत नाहीत. सोबत माझा १९ वर्षांचा मुलगा होता. तो गाडीपुढे वाकून म्हणाला, “बाबा, हेडलाइटच्या आत ही आडवी रेघ कसली आहे?” काचेच्या आतल्या बाजूला, मध्यभागाच्या थोडी वर, तपकिरी रंगाची एक सरळ रेघ होती. मी पाहिली. दलाल लगेच म्हणाला की पावसात वाफ धरते, सगळ्याच गाड्यांना असते. मी मुलाला “थांब जरा, मोठे बोलत आहेत ना” असे म्हणून गप्प केले. पुढे सीट काढून बॅटरी दाखवली तेव्हा बॅटरीच्या खणाच्या कोपऱ्यात राखाडी मातीचा थर बसलेला होता. मी नखाने खरवडला तर त्याची पातळ खपली निघाली. रस्त्याची धूळ बोटाला लागते, फुंकर मारली की उडते. तिची खपली कधीच निघत नाही. खपली निघते ती पाण्याबरोबर येऊन वाळलेल्या गाळाची. मला हे माहीत होते, आणि तरीही “कच्च्या रस्त्याला पार्किंग होतं साहेब” हे उत्तर मी ऐकून घेतले, कारण त्याच वेळी त्याने फोनवर कोथरूडच्या एका गिऱ्हाईकाला “संध्याकाळपर्यंत थांबतो तुमच्यासाठी” असे सांगितले आणि गाडी हातची जाईल या भीतीने मी ५,००० रुपये टोकन देऊन टाकले.

उरलेल्या ६३,००० पैकी ४०,००० यूपीआयने आणि २३,००० रोख दिले. रोख रकमेची पावती त्याने दिली नाही आणि मी मागितली नाही. यूपीआयची रक्कम दुकानाच्या खात्यात न जाता एका महिलेच्या वैयक्तिक खात्यात गेली. ट्रान्सफरचे ३,५०० रुपये वेगळे घेतले. ते काम मात्र त्याने वेळेत केले आणि आरसी माझ्या नावावर घरपोच आली. त्या आरसीने माझा विश्वास आणखी घट्ट केला, पण तिच्यातच खरा सापळा होता. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, विकणारा म्हणून पहिल्या मालकाचे नाव आणि घेणारा म्हणून माझे. मधल्या माणसाचे नाव एकाही कागदावर नाही.

तीन आठवड्यांनी गाडी स्वारगेटच्या चौकात बंद पडली. बॅटरी बदलली, १,६५०. मार्चअखेर पेट्रोल पंप गेला, ५,४५०. मेकॅनिकने टाकीत हात घालून गंजाचा चिखल दाखवला. मग चाकांची बेअरिंगे १,२४०, हँडलचा कोनसेट ९८०. मेच्या शेवटी पाऊस लवकर आला आणि पहिल्याच मोठ्या सरीत नाशिक फाट्याजवळ सगळे दिवे एकदम गेले. मॅग्नेट कॉईलचे २,८७० आणि दोन वेळा टेम्पोने गाडी आणण्याचे मिळून १,१००. तेव्हा मेकॅनिकने वायरिंगचे सॉकेट उघडून माझ्या तळहातावर ठेवले. आतल्या तांब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. तो म्हणाला, “काका, ही गाडी भिजलेली नाही, बुडालेली आहे.” बुडालेल्या गाडीचे असेच होते: धुऊन, वाळवून, तेल बदलून ती चालू होते, दोन-तीन महिने बरी चालते, पण बेअरिंगमधले ग्रीस निघून गेलेले असते आणि सॉकेटमध्ये शिरलेले पाणी आतून तांबे खात राहते. त्यामुळे सेन्सरकडून चुकीचे सिग्नल जातात, आणि दोष दरवेळी नव्या ठिकाणी दिसतो.

जुन्या आरसीवरच्या पत्त्यावरून मी पहिल्या मालकांना गाठले. सिंहगड रस्त्यावर नदीच्या बाजूला राहणारे ते गृहस्थ सज्जन निघाले. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणाच्या विसर्गाने मुठेचे पाणी एकतानगरीत आणि आसपासच्या सोसायट्यांत शिरले, तेव्हा त्यांची गाडी पार्किंगमध्ये पाण्याखाली होती. विम्यातून सफाई आणि किरकोळ दुरुस्तीचे १४,२०० रुपये मिळाले, पण गाडी नीट झाली नाही, म्हणून डिसेंबरमध्ये त्यांनी ती त्या दलालाला “पाण्यातली आहे” असे स्वच्छ सांगून २२,००० रुपयांना दिली आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या. बावीस हजारांची गाडी दोन महिन्यांत अडुसष्ट हजारांची झाली. मला राग आहे तो या माहीत असून केलेल्या लपवाछपवीचा.

घरी येऊन मी विम्याची पॉलिसी पुन्हा काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या ओन डॅमेज पॉलिसीवर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर, नो क्लेम बोनसच्या (क्लेम न घेतल्यास मिळणाऱ्या सवलतीच्या) रकान्यात शून्य छापलेले होते. तीन वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असतो किंवा पॉलिसीत मोठा खंड पडलेला असतो. हा कागद पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होता. जुनी गाडी घेणाऱ्याने आरसीच्या आधी हा रकाना पाहावा.

जे गाडी विकणार आहेत त्यांनीही कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत हस्तांतरण कळवायचे असते. नोंद बदलेपर्यंत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या गृहस्थांना हे मी सांगितले तेव्हा ते खरोखर घाबरले.

दलालाकडे गेलो तर त्याने आवाज चढवला. “टेस्ट राइड घेतली ना? बघून घेतली ना? जुन्या गाडीला गॅरंटी कसली?” टोकन देताना तोच माणूस “काही झालं तर मी बसलोय” असे म्हणाला होता.

त्यानंतर मी ज्या दारांत गेलो त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात थरथरतो. पोलिसांकडे मी तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्या वेळी दीड तास बसवून विचारले, “गाडी तुमच्या नावावर आहे ना? चालू होते ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.” पहिल्या मालकांनी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेला मजकूर मी दाखवला, तर तो न वाचताच मोबाइल परत दिला. तिसऱ्या वेळी अर्जाची पोच मागितली म्हणून माझ्यावरच खेकसले गेले. वस्तूचा दोष जाणूनबुजून लपवून पैसे काढणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते की नाही, हे ठरवायचे ते न्यायालयाने; खुर्चीत बसून, कागद न पाहता, नागरिकाला हाकलून देण्याचा अधिकार कोणी दिला? तक्रार नोंदवून घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, हे मला एका वकील नातेवाइकाने सांगितले. चौकीतल्या कोणीही सांगितले नाही. मी रजिस्टर्ड टपालाने पाठवली आहे, पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

वाहनांच्या नोंदी पाहणाऱ्या कार्यालयात तर कोणी “आमचा संबंध नाही” याखेरीज वाक्यच बोलले नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यात आलेल्या गाडीची माहिती कळवावी लागते. त्या दुकानाकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. एका खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने पहिल्या मजल्यावर, तिथून पुन्हा खाली, आणि शेवटी “माहितीच्या अधिकारात विचारा” असे सांगितले. अर्ध्या दिवसाची रजा गेली. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला. तिसाव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले की अशा नावाच्या दुकानाला प्राधिकारपत्र दिलेले नाही. मग ते दुकान उघडे कसे, हे विचारायला गेलो तर लेखी तक्रार द्या म्हणाले. तीही दिली, तिचीही पोच आहे. माझ्याकडे आता पोचपावत्यांची एक फाइलच झाली आहे आणि दुकान मात्र रोज सकाळी दहाला उघडते.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार समोरच्याने प्रतिसाद न दिल्यामुळे बंद झाली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. अडचण अशी की ग्राहक म्हणून दाद मागायची ती व्यापाऱ्याविरुद्ध, आणि कागदावर मला गाडी विकणारे आहेत ते पहिले मालक. म्हणून विनवून सांगतो, रोख देऊ नका, आणि दिलीच तर दुकानाच्या शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय जागचे हलू नका. पैसे दुकानाच्याच खात्यात जाऊ द्या. माझे २३,००० रुपये आज कायद्याच्या दृष्टीने कुठेच नाहीत.

गाडी ठेवायची की काढून टाकायची, यावर घरात दोन महिने बोलणे चालू होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून ५९० रुपये भरून मी लेखी तपासणी अहवाल घेतला. त्यात पूर्ण वायरिंग आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलण्याचा अंदाज १८,६०० रुपये दिला आहे. आतापर्यंत किंमत, ट्रान्सफर, दुरुस्त्या आणि तपासणी मिळून ८५,३८० रुपये गेले. हे काम केले तर आकडा १,०३,९८० वर जातो, आणि त्यानंतरही गाडी टिकेल याची हमी मेकॅनिक देत नाही. बायकोचे म्हणणे, येईल त्या किमतीला द्या आणि विषय संपवा. तिचे चूक नाही; रोज संध्याकाळी माझा चेहरा तीच पाहते.

म्हणून गेल्या रविवारी हडपसरच्या बाजूला एका दुसऱ्या विक्रेत्याकडे गाडी घेऊन गेलो. त्याने पाच मिनिटे पाहिली, सीट उचलली, सॉकेटवरून बोट फिरवले आणि ३१,००० रुपये सांगितले. मग आवाज खाली आणून विचारले, “पाण्यातली आहे हे आणखी कुणाला बोलला नाहीत ना? पॉलिश मारून दिवाळीच्या आधी निघून जाईल.” समोर एक बाप आणि त्याचा मुलगा गाड्या पाहत फिरत होते. मी चावी परत मागितली. आयोगाचा निकाल लागेपर्यंत ही गाडी हाच माझा पुरावा आहे, आणि बदललेला प्रत्येक भाग मी तारखेची चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवला आहे. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी आहे आणि मी दोन बस बदलून भोसरीला जातो.