टिकी २१ होडीचे प्लॅन: बीडला बांधली, हर्णैच्या समुद्रात चालवली

घ्या. समुद्रापासून लांब राहणाऱ्यानं तर हे प्लॅन, म्हणजे होडी स्वतः बांधायचे नकाशे, नक्कीच घ्या, दोन वर्षं बांधून आणि चार दिवस समुद्रात चालवून सांगायलोय. ब्रिटिश होडी डिझायनर जेम्स व्हॅरम यांचं १९८१ चं डिझाईन, २१ फुटी कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या. असलीच होडी घेऊन रॉरी मॅकडूगल १९९१ ते १९९७ मध्ये जगाला फेरी मारून आला, हे वाचलं आणि आम्ही दोघा भावांनी पैसे भरले.

प्लॅनमध्ये व्हॅरम यांच्या सहकारी हॅनेके बून यांनी हातानं काढलेली चित्रं आहेत, खरी किंमत त्यांचीच. आमच्या सुतार मामांना इंग्रजी येत नाही, तरी चित्र बघून सगळे कप्पे त्यांनीच कापले. प्लायच्या कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं गोधडीसारखं शिवायचं, मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात, लाकडाची भुकटी कालवून भरायची आणि वरून फायबरग्लासची पट्टी.

प्लाय मात्र शिक्का बघून घेऊ नका. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायला ७२ तास उकळायची टेस्ट असते, म्हणून आम्ही प्रत्येक दुकानातून तुकडा आणून घरच्या बंबात उकळला, एका दुकानदाराच्या शिक्का मारलेल्या प्लायचे पापुद्रे दुसऱ्याच दिवशी सुटले! तो परत केला, वाद झाला, पण होडीत तो गेला नाही याचं आजही समाधान वाटतं.

इपॉक्सीला आपली कोरडी हवा लई मानवते, लाकूड कोरडं राहतं आणि थरावर चिकट मेण येत नाही. पण एप्रिलमध्ये डब्यात जास्त कालवलं की पाच मिनिटांत धूर निघतो, त्यामुळं पहाटे पाचला काम, थोडं थोडं कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

जायकवाडीत टेस्ट करावी असं सगळे म्हणत होते पण ते पक्षी अभयारण्य आहे, तिथं उतरवायचं मनात आणलं नाही. मग काकांच्या शेततळ्यात एकेक होडी दहा जणांनी दोरावर सोडली, अस्तराला धक्का लागू नये म्हणून काठावर गाद्या टाकल्या, रात्रभर ठेवली. सकाळी आत हात घातला तर कोरडं. मामा काठावर बसून रडले.

दांड्या बोल्टनं नाही, दोरीनं बांधायच्या असतात, त्यामुळं १२ फूट रुंद होडी सुटी करून आयशरवर ताम्हिणीतून खाली नेता आली. हर्णैला एका तांडेल काकांनी, म्हणजे मच्छीमार होडीच्या कप्तानानं, बोल्ट कुठं आहेत विचारलं, दोरीच आहे म्हटल्यावर एकेक गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, आमच्या म्हाताऱ्यांच्या होड्या पण काथ्यानंच शिवायचे.

डिसेंबर होता. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर हळू निघायचो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की खरी परीक्षा. आडव्या वाऱ्याला जीपीएसवर ८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटर, वेग दिसला, सुकाणूला एक बोट पुरायचं. वाऱ्याच्या तोंडावर मात्र कमी चढते, खाली डॅगरबोर्ड, म्हणजे होडी बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची उभी फळी, नाही, व्ही आकाराच्या तळावरच सगळं. पहिल्या दिवशी दिशा पालटताना तीनदा मध्येच अडकली, मग पुढचं शीड उलट्या बाजूला क्षणभर धरून ठेवायचं शिकलो आणि त्यानंतर एकदाही अडकली नाही. सुवर्णदुर्गाला खडक टाळून लांबून वळसा घातला, तेव्हा लाटा कमरेएवढ्या होत्या, दोन्ही होड्या वेगवेगळ्या हलायच्या आणि दोऱ्या तो ताण पिऊन घ्यायच्या, हे पायाखाली कळत होतं. पाणी फक्त एका झाकणातून आलं, ते आमचं रबर नीट बसलं नव्हतं म्हणून.

झोपायला एका होडीत एकच माणूस, आत उभं राहता येत नाही, स्वयंपाक डेकवर. बायका-पोरं घेऊन आठ दिवस फिरायचं असेल तर मोठं डिझाईन बघा. दोघांना किनाऱ्या-किनाऱ्यानं जायला ही पुष्कळ आहे, पाण्यात फूट-सव्वा फूटच बुडते त्यामुळं वाळूवर लावता येते.

दोरी पॉलिएस्टरचीच घ्या, नायलॉन ताणतं. आणि पहिल्या दिवसानंतर सगळ्या गाठी परत आवळा, आमची मागची दांडी संध्याकाळी कुरकुरायला लागली होती. पुढच्या नोव्हेंबरात जयगडपर्यंत जायचंय, त्या मागच्या दांडीची दोरी सोडून मामा आता नवी बांधायलेत.