जनगणनेचा सी-१६ भाषातक्ता: आठ महिने वापरल्यानंतर

जिल्हा आणि तालुका पातळीवर कोणती मातृभाषा कुठे किती, याचं उत्तर देणारं जनगणनेच्या सी-१६ तक्त्याएवढं बारीक साधन दुसरं नाही, आणि ते फुकट आहे. बोलींचा नकाशा काढायला मात्र ते बिनकामाचं आहे. तक्ता भाषा मोजत नाही, लोकांनी सांगितलेली भाषेची नावं मोजतो आणि मग ती नावं गटांत बसवतो. हा फरक डोक्यात ठेवून फाइल उघडली तर निम्मे घोटाळे टळतात.

२०११ च्या जनगणनेचे भाषेचे आकडे २०१८ साली बाहेर आले. कच्च्या नोंदी होत्या १९,५६९. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांतून शेवटी १२१ भाषा छापल्या गेल्या. देशभरात दहा हजारांहून कमी बोलणारे असतील तर ते नाव वेगळं दिसत नाही, ‘इतर’मध्ये जातं. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, तिचे बोलणारे दोन-अडीच हजार. ती या तक्त्यात शोधू नये.

आता फाइल. महाराष्ट्राचा राज्य क्रमांक २७, जिल्हे ४९७ (नंदुरबार) ते ५३१ (सांगली). प्रत्येक ओळीत भागाचे क्रमांक, भागाचं नाव, मातृभाषेचा सहा अंकी क्रमांक, तिचं नाव, मग एकूण, ग्रामीण आणि नागरी आकडे, प्रत्येकी व्यक्ती-पुरुष-स्त्रिया असे. सहा अंकांतले पहिले तीन भाषेचे, नंतरचे तीन त्या भाषेखालच्या मातृभाषेचे. ०१३००० म्हणजे मराठीची पूर्ण बेरीज. तिच्याखाली आरे, कोळी, मराठी आणि इतर अशा ओळी. एक्सेलमध्ये नेहमीच्या पद्धतीने फाइल घेतली की सुरुवातीची शून्यं गळतात आणि ०१३००० चं १३००० होतं. म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा.

दुसरी चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून एकदा होते. रकान्याची सरळ बेरीज मारली तर महाराष्ट्राची लोकसंख्या सहापटीच्या आसपास निघते. एकाच फाइलमध्ये राज्य, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्या असतात, आणि प्रत्येक पातळीवर भाषेची बेरीज व तिच्या मातृभाषा दोन्ही छापलेल्या असतात. आधी पातळी गाळा, मग ‘०००’ने संपणाऱ्या ओळी किंवा बाकीच्या, यांतलं एकच काहीतरी ठेवा. उत्तर ११,२३,७४,३३३ आलं की पुढे जा.

नकाशाला जोडताना तालुक्याच्या नावावर जोडणी करू नये. कर्जत रायगडात आहे आणि नगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशकात आणि वाशीमला. कळंब धाराशिवात आणि यवतमाळात. शिवाय रोमन स्पेलिंग दोन फाइलींत क्वचितच जुळतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी भागाच्या क्रमांकावरच करा आणि हद्दी २०११ च्याच घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे फाइलमध्ये तो नाही. ठाण्यातले पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके उचलून त्यांची बेरीज करावी लागते.

खरी डोकेदुखी गटांची आहे. यवतमाळचा नकाशा फक्त ‘०००’च्या ओळींवर रंगवला तर हिंदी फुगलेली दिसते, आणि बघणारा ‘एवढे परप्रांतीय कुठून आले’ म्हणून बुचकळ्यात पडतो. तसं काही नाही. बंजाऱ्यांची गोरमाटी तिथे लमाणी/लंबाडी किंवा बंजारी या नावांनी नोंदली जाते आणि दोन्ही नावं हिंदीखाली टाकलेली आहेत. देशभरात नुसत्या लमाणी/लंबाडीचे बोलणारे ३२ लाख ७६ हजार. गोंदियाची पोवारीही हिंदीखालीच. हिंदीचे ५२.८३ कोटी म्हणतात, त्यांत मातृभाषा म्हणून ‘हिंदी’च सांगणारे ३२.२२ कोटी, हेही तिथेच दिसतं.

पश्चिमेकडे भिली/भिलोडी हा असाच मोठा डबा. वारली त्यात, मावची त्यात, पावरी त्यात, आणि कोकणा/कोकणी/कुकणाही त्यातच. सुरगाणा-कळवणकडची ही कोकणी म्हणजे गोव्याची कोंकणी नव्हे. पण नावं सारखी, त्यामुळे गाळणीत दोन्ही एकत्र येतात. क्रमांक बघितल्याशिवाय यांना हात लावू नये. मालवणी कोंकणीखाली आहे. अहिराणी ‘खानदेशी’ नावाच्या स्वतंत्र भाषेखाली, आणि वऱ्हाडी कुठेच नाही. ती मराठीच्या ८ कोटी ३० लाखांत विरघळली. याला भाषाशास्त्राचा एकच निकष लावलेला नाही. ग्रियर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या सातव्या खंडात नव्हती, भिली आणि लभाणीसोबत नवव्यात होती, तर कोंकणी मराठीच्या खंडात होती. कोंकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

खानदेशीचे बोलणारे २००१ मध्ये २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. यावरून ‘अहिराणी मरते आहे’ असा मथळा काढणं घाईचं. जनगणनेची व्याख्या लहानपणी आई जी भाषा बोलायची ती, अशी आहे. पण दारावर आलेल्या प्रगणकाला धुळ्यातलं घर ‘मराठी’ सांगेल की ‘अहिराणी’, हे त्या दिवशी ठरतं. भाषा बदलणं आणि उत्तर बदलणं या दोन गोष्टी तक्ता वेगळ्या करून देत नाही.

विविधतेचा निर्देशांक काढणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावं. सूत्र सोपं: प्रत्येक भाषेच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, एकातून वजा करा. समजा एका तालुक्यात मराठी ०.६, भिली ०.३, बाकी सगळे मिळून ०.१. वर्गांची बेरीज ०.४६, निर्देशांक ०.५४. तीच भिली पावरी आणि मावची अशी निम्मी-निम्मी फोडली की निर्देशांक ०.५८५. माणसं तीच, गाव तेच, फक्त ओळी बदलल्या. म्हणून आकड्याशेजारी कोणती पातळी घेतली ते लिहिलं नसेल तर तो दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

रंगवण्याबद्दल. ‘बहुसंख्यांची भाषा’ असा एकरंगी नकाशा महाराष्ट्रात फार काही सांगत नाही, बहुतेक ठिकाणी मराठीच येते. एका भाषेचा टक्का घेऊन पाच छटा बऱ्या. मालेगाव शहरातली उर्दू तालुक्याच्या सरासरीत पातळ होते, तिथे नागरी रकाना किंवा शहरांचा वेगळा तक्ता घ्या.

समभाषिक रेषा, म्हणजे एका शब्दाची किंवा उच्चाराची हद्द, या तक्त्यातून निघणार नाही. त्यासाठी गावोगावचं ध्वनिमुद्रण लागतं. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण त्या कामाचं आहे. आणि एका माणसाला किती भाषा येतात हे सी-१६ मध्ये नसतं, त्यासाठी सी-१७ उघडावा लागतो. त्यात मातृभाषेखेरीज जास्तीत जास्त दोनच भाषा नोंदलेल्या असतात, त्यामुळे घरी कोरकू आणि बाहेर मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी चालवणाऱ्या मेळघाटातल्या माणसाची चौथी भाषा तिथेही गळते.