ऑफिसकडून मिळणारं मोफत काउन्सेलिंग: ४ सेशननंतरचा माझा रिव्ह्यू

आमच्या कंपनीने दीडेक वर्षापूर्वी ईएपी घेतलं, म्हणजे बाहेरच्या एका संस्थेमार्फत स्टाफसाठी मोफत काउन्सेलिंग. वर्षाला ६ सेशन, प्रत्येक ५० मिनिटांचं, घरच्यांनाही चालतं. मेल आली तेव्हा मी ती न वाचताच बाजूला टाकली होती. आता ४ सेशन झालीत म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मला गरज होती तेव्हा मराठीत असा कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता. संस्थेचं नाव देत नाही, तक्रारी पण आहेत आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये.

आधी थोडं माझ्याबद्दल. हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे क्लायंटचं सॉफ्टवेअर चालू ठेवायच्या कामाला टीम लीड आहे, क्लायंट अमेरिकेतला, दर दोन आठवड्यांतला एक आठवडा ऑन-कॉल. ऑन-कॉल म्हणजे रात्री पी-वन तिकीट (सगळ्यात तातडीची तक्रार) आलं की पंधरा मिनिटांत ब्रिज कॉलवर (सगळ्यांच्या एकत्र कॉलवर) हजर, मग दोन वाजू देत नाहीतर चार, आणि सकाळी दहाचा स्टँडअप, टीमची रोजची छोटी मीटिंग, ठरलेलाच. जूनपासून असं व्हायला लागलं की फोन वाजला नाही तरी मला वाजल्यासारखा वाटून जाग यायची. नंतर नंतर क्लायंटचं काही बंद पडलं तरी काहीच वाटेना, पूर्वी जीव तुटायचा, आता नुसता सुन्नपणा. टीममधल्या एका नवीन मुलाला एकदा सगळ्यांसमोर वाट्टेल तसं बोललो आणि तो रडला. त्या रात्री ती जुनी मेल शोधून काढली.

बुकिंग अ‍ॅपवरून. पहिला स्लॉट ९ दिवसांनी मिळाला. ज्याची रात्र काढणं अवघड झालंय त्याला ९ दिवस म्हणजे फार होतात, ही माझी पहिली तक्रार. मधल्या दिवसांत एकदा पहाटे मी १४४१६ ला फोन केला, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, फुकट, भाषा निवडता येते. मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, घाई केली नाही, आणि फोन ठेवल्यावर मला झोप लागली. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, ऑफिसची सर्विस असो वा नसो.

पहिलं सेशन इंग्रजीत झालं कारण अ‍ॅपमध्ये ठरलेली भाषा तीच असते. काउन्सेलर चांगल्या होत्या पण मी तिथेही मीटिंगमध्ये बोलतो तसंच बोलत होतो, वर्कलोड, बँडविड्थ, प्रायॉरिटी. ५० मिनिटं संपली आणि मी खरं काही बोललोच नव्हतो. मग प्रोफाइल, सेटिंग, प्रेफरन्स असं आत आत जाऊन मराठी सापडलं. हा पर्याय इतका आत का ठेवलाय कळत नाही, बुकिंगच्या पहिल्याच स्क्रीनवर पाहिजे.

दुसरं सेशन मराठीत, काउन्सेलर पण वेगळ्या. मी बोलता बोलता म्हणालो, "मॅडम, रात्री फोन वाजला ना की जीव नकोसा होतो." आपण हे गर्दीला, उकाड्याला, कशालाही म्हणतो. पण त्या थांबल्या आणि सरळ विचारलं, "हे तुम्ही बोलण्याच्या ओघात म्हणालात की खरंच कधी जगू नये असं वाटतं?" इतक्या थेट मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी खूप वेळ गप्प होतो. मग म्हणालो की मरायचं वगैरे मनात नाही, पण गाडी चालवताना आपल्याला छोटासा अपघात व्हावा म्हणजे आठ दिवस हॉस्पिटलमध्ये पडून राहता येईल असं दोनतीनदा वाटलंय. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. इंग्रजीत मी 'स्ट्रेस्ड' म्हणालो असतो आणि तो शब्द तिथेच विरून गेला असता. या एका प्रश्नासाठी मी या सर्विसला पूर्ण मार्क देईन.

त्यांनी पीएचक्यू-९ भरून घेतला, नैराश्य किती आहे याचा अंदाज घेणारा फॉर्म, ९ प्रश्न असतात, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं ते सांगायचं, जास्तीत जास्त २७ गुण. माझे १२ आले, म्हणजे मध्यम. यावरून लगेच निदान होत नाही, पुढे काय विचारायचं ते ठरतं असं त्यांनी समजावलं, आणि गरज पडली तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवू असंही स्पष्ट सांगितलं. दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या डोक्यात पक्की बसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला कामाशी संबंधित अवस्था म्हटलंय, आजार म्हटलेलं नाही. थकून रिकामं होणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं, या तीन गोष्टी. तिन्ही माझ्याकडे होत्या. म्हणजे नुसतं मला दुरुस्त करून भागणार नव्हतं, कामाचं काहीतरी करायला लागणार होतं.

म्हणून त्यांनी गृहपाठ दिला, दोन आठवडे रोजचे तास लिहा, रात्रीचे कॉल धरून. श्वासाचे व्यायाम पण दिले, ते मी करतो, बरे आहेत. पण तासांचा कागद खरा कामाचा निघाला. पहिला आठवडा ६१ तास, दुसरा ५४. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त. मी तोपर्यंत तास मोजलेच नव्हते, सगळेच असं करतात म्हणून चालू होतं.

तो कागद टेबलावर पडला होता आणि गावाहून आलेल्या बाबांनी उचलून बघितला. बाबा एसटीत कंडक्टर होते. मला वाटलं आता ऐकायला लागणार की आम्ही नाही का केल्या नोकऱ्या. बाबा म्हणाले, "आम्ही डबल ड्युटी करायचो रे, पण डबल झाली की दुसऱ्या दिवशी रेस्ट घ्यायचो. तुझी रेस्ट कुठल्या रकान्यात लिहिलीय?" मला उत्तर देता आलं नाही. मॅनेजरकडे जायचं मी दुसऱ्या दिवशी ठरवलं.

तिसरं सेशन आम्ही फक्त मॅनेजरशी कसं बोलायचं यावर घेतलं, काय मागायचं, कुठल्या शब्दात, नाही म्हणाले तर पुढे काय. मी कागद समोर ठेवला आणि दोनच गोष्टी मागितल्या, ऑन-कॉल चार आठवड्यांतून एक आणि रात्री कॉल झाला तर दुसऱ्या दिवशी एक वाजता सुरुवात. पहिलं मिळायला दीड महिना गेला कारण आणखी दोघांना ट्रेन करावं लागलं, दुसरं लगेच मिळालं. त्या नवीन मुलाची मी माफी मागितली, ऑन-कॉल शिकणाऱ्या दोघांत तो आहे.

आता सगळ्यात गंभीर तक्रार. अ‍ॅपमध्ये लॉगिन ऑफिसच्या मेलने होतं आणि बुकिंगचं आमंत्रण थेट ऑफिसच्या कॅलेंडरवर येऊन पडलं, 'काउन्सेलिंग सेशन' अशा नावासकट. माझी स्क्रीन मीटिंगमध्ये शेअर झालेली होती. कुणी काही बोललं नाही, पण मला घाम फुटला. एचआरला फक्त एकूण किती जणांनी वापरलं एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत, असं लेखी मिळालं मला, तेही मी मागितल्यावर. तुम्ही पहिल्याच दिवशी मागून घ्या. जीवाला धोका असेल तेव्हाच गुप्ततेला अपवाद असतो, तो अपवाद काय हेही विचारा. आणि पर्सनल मेल टाका, सेटिंगमध्ये बदलता येतो. संस्थेला मी कळवलंय, आता आमंत्रणात नुसतं 'अपॉइंटमेंट' येतं, हे त्यांनी आठवड्यात केलं म्हणून त्यांना धन्यवाद.

अजून एक, ६ सेशन संपल्यावर पैसे आपले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच लागू होतात, त्यामुळे काउन्सेलिंगची फी त्यात बसेलच असं नाही. आपली पॉलिसी ओपीडी देते का ते आधी बघून घ्या.

एचआरने याच सर्विसतर्फे एक वेलनेस वेबिनार पण ठेवला होता, रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जाते त्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सहाला. आमच्या टीममधलं कुणी जाऊ शकलं नाही. ज्यांना गरज आहे तेच त्या वेळी कामात अडकलेले असतात, एवढं तरी वेळ ठरवताना बघायला हवं, मी हे लेखी फीडबॅकमध्ये दिलंय.

काउन्सेलरना ५ पैकी ५, अ‍ॅपला २, एकूण ४. चौथ्या सेशनला पीएचक्यू पुन्हा भरला, ६ आले. रात्री फोन वाजल्याचा भास अजून कधीकधी होतो. दोन सेशन शिल्लक आहेत, त्यातलं एक मार्चच्या रिलीजनंतरच्या सोमवारी बुक करून ठेवलंय, मराठीत, त्याच मॅडमकडे.