‘टीकप पॉम’ म्हणून ४५ हजारांना घेतलेली आमची मोहरी

आमच्या कुत्रीचं नाव मोहरी. घरी आली तेव्हा पोळीच्या डब्याच्या झाकणात बसायची, म्हणून लेकीने ठेवलेलं. आज तिचं वजन ८ किलो ४०० ग्रॅम आहे आणि मजल्यावरची पोरं तिला ‘भोपळा’ म्हणतात. तिच्यावर आमचा राग नाही. ज्याने ती आमच्या गळ्यात मारली, त्याची गोष्ट सांगायची आहे.

आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहतो. तिथल्या जुन्या चाळवजा घरांत किती जागा असते ते मुंबईकरांना सांगायला नको. सातवीतल्या लेकीला कुत्रा हवा, सासूबाईंना नको. शेवटी ‘अगदी लहानसा असेल तर बघू’ इथवर तह झाला. त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर तो फोटो आला. निळ्या फुलांचा चहाचा कप, कानाजवळ टवका उडालेला, आणि आत कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं पिल्लू. खाली लिहिलेलं, ‘ओरिजिनल टीकप पॉम, फुल ग्रोन दीड किलो’. म्हणजे कपात मावेल असा पॉमेरिअन, पूर्ण वाढला तरी दीड किलोचाच.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. “ताई, ७० दिवसांची आहे. एवढ्या दिवसांत एवढीच, म्हणजे पुढे काय वाढणार?” मला ते पटलं. खरं तर सगळी फसवणूक या एका वाक्यात होती. आईबापांचा व्हिडिओही पाठवला, दोन इवलेसे पॉम गालिच्यावर पळताहेत. प्रत्यक्ष बघायला येऊ का विचारलं तर म्हणाला, फार्म कल्याणच्या पुढे आहे, बाहेरच्यांमुळे पिल्लांना इन्फेक्शन होतं. हेही पटलं! करोनानंतर इन्फेक्शन म्हटलं की आपण पुढे विचारतच नाही.

१० हजार टोकन यूपीआयने दिले, कुण्या तिसऱ्याच बाईच्या नावावर. उरलेले ३५ हजार रोख, मुलुंड चेकनाक्याजवळ, गाडीच्या खिडकीतून. पिल्लू सफरचंदाच्या खोक्यात होतं. मिस्टरांनी पावती मागितली तर हसून म्हणाला, “दादा, जीवाची कधी पावती असते का?” आम्हीही हसलो.

घरी आल्यावर लेकीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवून तिला तोललं. ७८० ग्रॅम. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहिलं.

तिसऱ्या रात्री अडीचला मोहरी एकदम लुळी पडली. मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्या. मिस्टरांनी फोनवर डॉक्टर गाठला, त्याने सांगितलं तसं साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळत राहिलो. पाऊण तासाने तिने माझं बोट चाटलं. तोवर सासूबाई, ज्यांना कुत्रं नको होतं, देवापुढे बसून होत्या.

सकाळी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून आधी दात बघितले. पुढचे दुधाचे दात आणि सुळे आलेले, पण मागच्या दाढा नुकत्या हिरडीतून डोकावत होत्या. “कोण म्हणालं ७० दिवसांची? ही फार तर ३५ दिवसांची आहे. आईच्या दुधावरून ओढून काढलंय. एवढ्या लहान पिल्लाचं पोट थोडा वेळ रिकामं राहिलं तरी रक्तातली साखर उतरते.” मग लसीची पुस्तिका बघितली. स्टिकर होते, पण ना डॉक्टरचा शिक्का, ना नोंदणी क्रमांक. त्यातल्या तारखांचा हिशेब केला तर पहिली लस मोहरी १० दिवसांची असताना टोचलेली निघाली. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी द्यायची असते.

म्हणजे लहान जातीचं पिल्लू म्हणून जे विकलं, ते नुसतंच लहान वयाचं पिल्लू होतं. फोटोतला कप खरा होता, पिल्लूही खरं होतं, वय तेवढं खोटं.

बरं, जात तरी पॉम का? डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की आपल्याकडे वर्षानुवर्षं ज्याला पॉमेरिअन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेत टिकेल असा तयार झालेला. त्यातला लहान प्रकारसुद्धा पाच ते सात किलोचा. अमेरिकन मानकात पॉम साधारण १.४ ते ३.२ किलोचा. ‘टीकप’ नावाची जात तर कुठल्याच मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाही. तो शब्द विकणाऱ्यांचा.

संक्रांतीपर्यंत मोहरी पाच किलोंच्या पुढे गेली. मी त्या माणसाला फोन लावला. आधी म्हणाला, “ताई, खायला कमी द्या, वाढणार नाही.” (उपाशी ठेवलं की हाडं बारीक होत नाहीत, कुत्रं आजारी पडतं.) मी आवाज चढवला तेव्हा त्याने सूर बदलला आणि मला शास्त्र शिकवायला लागला. “एकाच जातीत साइज वेगवेगळी होते ना ताई. एका वेताची पिल्लंसुद्धा सारखी नसतात. निसर्ग आहे.”

चीड याची की हे शंभर टक्के खरं आहे. नंतर मी वाचत बसले. २००७ मध्ये शास्त्रज्ञांना आयजीएफ-१ नावाच्या जनुकात लहान कुत्र्यांची खूण सापडली. पण आकारातला जेमतेम १५ टक्के फरक त्याच्यावर ठरतो. अशी वीसेक जनुकं मिळून कुत्र्याचं माप ठरवतात, आणि प्रत्येकाची एक प्रत आईची, एक बापाची. कुठल्या पिल्लाच्या वाट्याला कुठली जोडी येईल ते कुणाच्या हातात नाही. आज्या-पणज्यात कुणी थोराड असेल तर तो एखाद्या पिल्लात उगवू शकतो. पॉमच्या बाबतीत तर ते घराणंच थोराड. युरोपातल्या मानकात इवला पॉम आणि ४३ सेंटिमीटरहून उंच वुल्फस्पिट्झ आजही एकाच जर्मन स्पिट्झ जातीचे प्रकार म्हणून धरतात. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को नावाचा पॉम साडेपाच किलोंच्या आसपास होता, आणि त्या काळी तो लहान म्हणून मिरवायचा! त्याशिवाय आईचं दूध, जंत, आजारपण, लवकर केलेली नसबंदी, यांनीही थोडाफार फरक पडतो.

म्हणून प्रामाणिक माणूससुद्धा आईबाप बघून अंदाज सांगेल, ग्रॅमची हमी देणार नाही. आमच्या माणसाने निसर्गाचा नियम विकताना खिशात ठेवला आणि तक्रार आल्यावर बाहेर काढला. वर ‘१५ हजार भरा, हिला परत घेतो, छोटी देतो’ म्हणाला. लेक शेजारीच बसून ऐकत होती. तिने मोहरीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. मी नाही म्हटल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला.

सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, ग्राहकांच्या १९१५ या हेल्पलाइनवरही बोलले. पण रोख दिलेल्या ३५ हजारांचा पुरावा काय? पावती तर आम्ही हसण्यावारी नेलेली. खरं म्हणजे २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि विकलेल्या पिल्लाला मायक्रोचिप हवी. यातलं एकही मी विचारलं नव्हतं. तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी विचारा, आणि पिल्लाची आई डोळ्यांनी बघा. व्हिडिओतली नाही, पिल्लाला पाजणारी. ‘इन्फेक्शन’ हा शब्द निघाला की फोन ठेवा. एवढं करून घेतलंच, तर घरी नेण्याआधी डॉक्टरकडून दात बघून घ्या, दात वय लपवत नाहीत. सडपातळ खिशाने आणि मोकळ्या मनाने कुत्रं हवं असेल तर रस्त्यावरून सोडवलेली पिल्लं दत्तक देणारे मुंबईत पुष्कळ आहेत. आम्हाला हे आधी कुणी सुचवलं असतं तर सासूबाईंनी तेही ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.

वजनाचं पान आता भरत आलंय. स्वयंपाकघरातला काटा कधीच पुरेनासा झाला. लेक मोहरीला कडेवर घेऊन मोठ्या काट्यावर उभी राहते आणि स्वतःचं वजन वजा करते. परवा तशी उभी असतानाच माझ्या मोबाईलवर एक जाहिरात आली. नंबर नवा, ‘टीकप माल्टीज, फुल ग्रोन दीड किलो’. पिल्लू दुसरं होतं. कप निळ्या फुलांचाच, कानाजवळ टवका उडालेला.