'१९४२' परत खेळलो: मुलुंड ते दादर, स्लो लोकल

सरळच सांगतो, कॅपकॉम कंपनीचा '१९४२' हा विमानवाला गेम दहा मिनिटं भन्नाट आहे, अकराव्या मिनिटाला पकवायला लागतो आणि रात्री जेवण झालं की हात परत शिवशिवतात. एवढंच वाचून कोणाला उठायचं असेल तर उठा, बाकीच्यांसाठी पुढे बडबड आहे.

झालं असं की भाचा सुट्टीत आला आणि त्याचा स्विच (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) आठवडाभर माझ्याकडे विसरून गेला. त्यात 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम' होतं, २०२१ला आलेलं, जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधले गेम एकत्र बांधून दिलेत त्यात. लिस्ट खाली सरकवत होतो आणि अचानक ते दोन शेपट्यांचं विमान दिसलं. च्यायला, तीस वर्षं झाली असतील. मग काय, दुसऱ्या दिवसापासून सकाळची मुलुंड स्लो पकडायची, सीट मिळाली की स्विच उभा धरायचा (स्क्रीन आडवी ठेवली तर गेम मधल्या पट्टीत बारीकसा दिसतो, उभी केली की मस्त पूर्ण भरतो) आणि दादरपर्यंत जपानी विमानं पाडत जायचं. शेजारचे काका आधी पेपर वाचायचे, तिसऱ्या दिवशी ते पण बघायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गेम १९८४चा. वरून बघतोय असं दृश्य, खाली समुद्र नाहीतर झाडी सरकत राहते, तुमचं विमान खालच्या बाजूला आणि वरून, बाजूने, कधी चक्क मागून शत्रूची विमानं येतात. दोनच बटणं, एक गोळीचं, एक पलटीचं. बनवणारा योशिकी ओकामोतो, हा आधी कोनामी ह्या गेम कंपनीत होता, तिथे 'टाइम पायलट' आणि 'जायरस' त्याने केले, आणि पुढे 'स्ट्रीट फायटर टू'च्या मागेही हाच माणूस, म्हणजे आमच्या बॅचच्या पोरांचे खाऊचे निम्मे पैसे ह्या एकाच माणसामुळे गेले असं म्हणायला हरकत नाही.

आता ती पलटी. सगळा गेम त्या एका बटणात आहे, खरंच. दाबलं की विमान मोठं होत वर उचलल्यासारखं दिसतं, गोल कोलांटी मारतं आणि तेवढा वेळ खालून गोळ्या निघून जातात, तुम्हाला काही होत नाही. सुरुवातीला तीन मिळतात. तीनच. त्यामुळे प्रत्येक वेळी डोक्यात हिशोब चालू, आत्ता मारू की ठेवू, आत्ता मारू की ठेवू, आणि ठेवून ठेवून शेवटी तिन्ही तशाच शिल्लक असताना माणूस मरतो, हे माझं दर दोन गेमला एकदा होतं. लहानपणी पार्लरमध्ये पण हेच. आमच्या लालबागच्या गल्लीत एक पार्लर होतं, पत्र्याचं शटर अर्धं खाली, आत तीन मशीन, विडीचा वास आणि एक पंखा जो फक्त मालकाच्या तोंडावर यायचा. रुपयाला एक गेम. खेळणारा एक आणि मागे सहा जण, आणि ते सहाही जण ओरडणार, "पलटी मार, पलटी मार, अरे मार ना रे!" आणि तुम्ही त्या गडबडीत मारली की लगेच, "आत्ता कशाला मारलीस येड्या!" तो जो रुपया जायचा ना, त्यातले बारा आणे ह्या लोकांमुळे जायचे.

पुढे आलेल्या बऱ्याच विमानवाल्या गेममध्ये बॉम्ब असायचा, दाबला की स्क्रीन साफ. इथे पलटी काही साफ करत नाही, फक्त तुम्हाला क्षणभर वाचवते, आणि खाली उतरलात की समोर तीच विमानं. हे मला आता मोठेपणी जास्त आवडलं. फुकट काही मिळत नाही, थोडा श्वास मिळतो बस.

दुसरी गंमत लाल विमानांची. ती रांगेने येतात, गिरकी घेत, आणि सगळीच्या सगळी पाडलीत तर 'पॉव' नावाची वस्तू पडते. ती उचलली की कधी गोळ्या दोनाच्या चार होतात, कधी दोन छोटी विमानं तुमच्या आजूबाजूला येऊन चिकटतात, बॉडीगार्डसारखी. पण सगळी पाडली तरच. पाच पाडली आणि एक निसटलं तर ठेंगा. त्यामुळे होतं काय, त्या शेवटच्या एका लाल विमानाच्या मागे तुम्ही कोपऱ्यात जाता आणि तिकडून एखादं फडतूस हिरवं विमान येऊन तुम्हाला घेऊन जातं. सगळी मरणं हावरटपणाची आहेत माझी. भांडुपला पहिला मेलो, कांजूरला दुसरा, घाटकोपरला माणसं चढली आणि कोणाचा तरी कोपर लागला, तो तिसरा मात्र मी धरत नाही.

स्टेजच्या शेवटी विमान जहाजावर उतरतं आणि किती टक्के शत्रू पाडले ते दाखवतात. हा आकडा फार वाईट आहे. म्हणजे जिवंत राहिलो ह्याचा आनंद चालू असतो आणि तेवढ्यात समोर येतं ५८ टक्के, मग वाटतं शी, काठावर पास.

इतिहासाच्या बाबतीत मात्र फुल टू झोल आहे. नाव '१९४२'. सुरुवात मिडवेला, ठीक, मिडवेची लढाई जून १९४२लाच झाली, जपानची चार विमानवाहू जहाजं त्यात बुडाली. पण पुढे बघा, मार्शल, अट्टू, रबाउल, लेते, सायपान, इवोजिमा, ओकिनावा. आता अट्टू १९४३चं, लेते आणि सायपान १९४४चं, इवोजिमा आणि ओकिनावा तर १९४५ला. म्हणजे नाव एका वर्षाचं आणि तुम्ही अख्खं पॅसिफिक युद्ध संपवूनच घरी येता. त्यात तुमचं विमान. ते दोन शेपट्यांचं म्हणजे पी-३८ लाइटनिंग, अमेरिकन भूदलाच्या हवाई दलाचं, जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारं, आणि इथे ते दर स्टेजला जहाजावरून उडतं आणि जहाजावर उतरतं. खऱ्या युद्धात हे विमान कधी जहाजावरून लढायला गेलं नाही. पण दिसायला इतकं वेगळं आहे की मला कळतं त्यांनी का घेतलं, एवढ्याशा स्क्रीनवर शंभर विमानांच्या गर्दीत आपलं कुठलं ते लगेच कळतं.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट, कंपनी जपानी, बनवणारा जपानी, आणि तुम्ही अमेरिकन विमानात बसून जपानी विमानं पाडताय. बाहेरच्या मार्केटवर डोळा ठेवून केलं म्हणे. धंदा म्हणजे धंदा. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, मग त्यांना राग नाही आला का?" आता मी काय सांगणार, पार्लरमध्ये आम्हाला तर हेही माहीत नव्हतं की समोरची विमानं कोणाची आहेत, आमच्यासाठी ती फक्त 'हिरवी' आणि 'लाल' होती. आजोबांना मी एकदा उत्साहाने सांगायला गेलो होतो की आज मी महायुद्धाचा गेम खेळलो, तर ते म्हणाले आम्ही महायुद्ध बघितलंय, १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत ती फोर्ट स्टायकिन बोट फुटली तेव्हा. बोटीत एकत्रच दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. मग पुढचा अर्धा तास ते त्याच्यावर बोलले आणि माझा गेम राहिला बाजूला. गेममध्ये हे असलं काहीच नाही. खाली गाव नाही, माणूस नाही, नुसतं निळं पाणी.

आता शिव्या. ३२ स्टेज आहेत, उलट्या मोजतात, ३२पासून १पर्यंत, प्रत्येक जागेला चार. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात समुद्र, झाडी, समुद्र, झाडी, परत समुद्र. सायपान आणि रबाउलमध्ये काय फरक आहे ते वर लिहिलेलं नाव सोडलं तर मला सांगता येणार नाही. मध्ये कधीतरी एक अवाढव्य बॉम्बर येतं, तेव्हा जरा जीवात जीव येतो, आणि ते गेलं की परत तेच. विसाव्या स्टेजपर्यंत तर मी खेळताना ऑफिसच्या मेलचा विचार करत होतो, हात आपले आपले चालू. लोक म्हणतात जुना गेम आहे, समजून घ्या. का समजून घ्यायचं? ओकामोतोच्याच त्याआधीच्या 'टाइम पायलट'मध्ये लेव्हल बदलली की काळ बदलायचा, दुपंखी विमानांपासून सुरुवात करून शेवटी उडत्या तबकड्यांपर्यंत जायचं. म्हणजे येत होतं की त्याला.

दुसरं, बटण दाबून धरून भागत नाही, दर गोळीला दाबायचं. पार्लरच्या मोठ्या बटणावर दोन बोटांनी टकटक करायला मजा यायची, स्विचच्या त्या इवल्या बटणावर कुर्ल्यापर्यंत अंगठा बधिर होतो.

आणि आवाज. गाणं नाहीच, ढोलाचा ताल आणि शिट्टी, परेडच्या रिहर्सलसारखं, न थांबता. तरी हा पार्लरवाला आवाज बरा म्हणायचा, टीव्हीला जोडायच्या गेमवर जो '१९४२' यायचा ना, मायक्रोनिक्सने केलेला, १९८५चा, तो ऐकला असेल त्यालाच माझं दुःख कळेल. ती नुसती टीटी टिटीटी, कानात काडी घातल्यासारखी. ती कॅसेट मी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून घेतली होती, दुकानाचं नाव आठवतंय पण लिहीत नाही. वर छापलेलं ६४ गेम, घरी येऊन लावली तर आठच गेम आठ-आठ वेळा, '१९४२' एकदा पहिल्या नंबरला आणि मग परत नवव्या, सतराव्या असं. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "नीट बघ, स्टेज वेगळी आहे." बघितलं, खरंच नववा नंबर दाबला की गेम पुढच्या स्टेजपासून सुरू व्हायचा. गप्प बसलो. त्या गेममध्ये विमानं पण लुकलुकायची, गर्दी झाली की सगळं जेली घातल्यासारखं हळू. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तो आवाज बंद कर नाहीतर कुकरची शिट्टी मोजायची तू!"

स्टेडियमवाल्या व्हर्जनमध्ये मागे जायची सोय आहे, मेलात की बटण दाबून काही सेकंद मागे, परत खेळा. रविवारी दुपारी त्याच्या जोरावर मी ३२च्या ३२ संपवले आणि संपल्यावर काही म्हणजे काही वाटलं नाही. सोमवारी ते बटण वापरायचं नाही असं ठरवून खेळलो, चौथ्या स्टेजला मेलो, आणि विक्रोळी ते विद्याविहार नुसता चडफडत बसलो. गेम म्हणून मजा सोमवारी आली.

घ्यायचा का? नुसत्या ह्या एकासाठी नको. त्याच पॅकमध्ये सोबत 'कमांडो' वगैरे येतात, सेल लागला की घ्या. आणि आधी '१९४३' खेळा, १९८७चा, ह्याचाच पुढचा भाग. त्यात एका गोळीत मरत नाही, एनर्जीची पट्टी आहे, खाली खरीखुरी मोठी जहाजं येतात, शेवटी यामातो ह्या जपानी युद्धनौकेपर्यंत जायचं. सगळ्या बाबतीत वरचढ आहे, फक्त त्याच्या नावापुढे त्यांनी 'बॅटल ऑफ मिडवे' लिहून ठेवलंय. १९४३मध्ये. मिडवे. असो.

पण खरं सांगू, '१९४३'ची पट्टी असली की मी निवांत खेळतो, गोळी लागली तर लागली. '१९४२'मध्ये एक गोळी म्हणजे विषय संपला, आणि म्हणून पलटीच्या बटणावर अंगठा ठेवून बसलेला असताना माटुंगा कधी गेलं कळत नाही. एकदा तर दादर गेलं, परळला उतरून उलटी गाडी पकडली, लेटमार्क लागला.

स्विच परत दिलाय. भाचा एरवी बीजीएमआयवाला (मोबाइलवरचा बंदुकांचा गेम), ह्या गेमला आधी 'हे काय रे' करून हसला होता. परवा मेसेज आला, "मामा, ती मागून येणारी मोठी हिरवी विमानं कशी पाडायची, पलटी संपते माझी." मी लिहिलं रात्री सांगतो, आत्ता कुर्ल्याला दारात लटकतोय.