आठ आठवड्यांच्या पिल्लाचे ‘सगळे टीके’ झालेले नसतात

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका कुटुंबाने मे महिन्यात लॅब्राडोरचं आठ आठवड्यांचं पिल्लू घेतलं. विकणाऱ्याने छापील कार्ड हातात दिलं. “भाऊ, सगळे टीके झालेले आहेत, बिनधास्त न्या.” पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. फोनवर उत्तर आलं, “गर्मीनं होते तसं, दहीभात द्या.” मग रक्ताची हगवण लागली. त्याच माणसाने ‘डॉक्टर’ धाडला. त्याने खिशातून आधीच भरलेली सिरिंज काढून टोचली, माणसांची जुलाब थांबवायची गोळी दिली आणि पैसे घेऊन गेला. पिल्लू पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने गेलं.

ते कार्ड उघडून पाहिलं तर तिन्ही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या दिसतात. दोन रकान्यांत स्टिकरच नाही, नुसतं हाताने ‘९ इन १’ (अनेक रोगांवरची एकत्रित लस) लिहिलंय. तिसऱ्यात स्टिकर आहे, पण त्यावरची एक्स्पायरी टोचल्याच्या तारखेच्या आधीची. सही म्हणजे एक रेघोटी, नोंदणी क्रमांक नाही. आणि रेबीजची लस सातव्या आठवड्यात दिल्याची नोंद! ती पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात.

मुळात ‘सगळे टीके झाले’ हे वाक्यच आठव्या आठवड्यात खोटं असतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसही निकामी करते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांपर्यंत जावं लागतं. शेवटचा डोस चुकला तर आधीच्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

लस समोर फोडायला सांगा. पार्व्होच्या एकत्रित लसीत एका वायलमध्ये (छोट्या कुपीत) कोरडी पांढरी वडी असते, दुसरीत द्रव. दोन्ही तिथेच मिसळून लगेच टोचतात आणि वायलचं स्टिकर कार्डावर चिकटवतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची असते. नागपूरच्या उन्हात खिशातून फिरलेली सिरिंज खरी असली तरी कामाची नाही. कार्डावर पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक हवा, तो राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पडताळता येतो.

मांजरांबाबतही हेच चालतं. वर कुत्र्यांचे गोचिडांचे थेंब ‘मांजरालाही चालतात’ म्हणून खपवतात. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. तापासाठी पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच देऊ नका.

पिल्लाने खाणं सोडलं आणि उलटी झाली की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. विष्ठेची पार्व्होची झटपट चाचणी काही मिनिटांत होते. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक. जुलाब दाबणाऱ्या गोळीने आतड्यातली घाण आतच साचते. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जवळच्या दवाखान्याच्या रात्रीच्या वेळा पिल्लू घरी आणण्याआधीच विचारून ठेवा.

खरेदीची पावती घ्या, विकणाऱ्याचे मेसेज पुसू नका आणि २४ तासांत पशुवैद्यकाकडून लेखी तपासणी करून घ्या. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर बहुधा ३ ते ७ दिवसांत दिसतात, त्यामुळे लागण विकणाऱ्याकडेच झाली होती हे दाखवायला ग्राहक आयोगापुढे हे कागद फार कामी येतात. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स देऊ नका.

पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी साबणाने घासा, मग साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी ३० भाग असं द्रावण १० मिनिटं ओलं राहू द्या. गादी आणि खेळणी टाकून द्या. पुढचं पिल्लू आणायचंच असेल, तर डोस पूर्ण झालेलं आणा.